सांगत्ये ऐका : हंसा वाडकर आणि ऐकणारे आपण

या मालेतल्या मागच्या व्याख्यानात आपण गणपतराव बोडसांवर बोललो. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'माझी भूमिका'. आजच्या विषयातही 'भूमिका' हा शब्द येणार आहे, पण वेगळ्या वाटेनं. आज बोलायचंय ते हंसा वाडकरांबद्दल आणि त्यांच्या 'सांगत्ये ऐका' या पुस्तकाबद्दल. खरं म्हणजे त्या पुस्तकाबद्दल कमी, आणि ते पुस्तक आपण कसं वाचलं याबद्दल जास्त.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. हंसा वाडकर म्हटलं की समोरच्याला काय आठवतं? आम्ही हे बऱ्याच जणांना विचारून पाहिलं आहे. दारू आठवते, लग्न आठवतं, घर सोडून जाणं आठवतं. स्मिता पाटील आठवते. कुणी जाणकार असेल तर पुण्यात विजयानंद थिएटरला 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट 131 आठवडे चालला ही गोष्ट सांगतो. आणि लगेच त्यातलं बुगडीचं गाणं गुणगुणायला लागतो, जे पडद्यावर जयश्री गडकरांचं आहे! म्हणजे ज्या बाईच्या नावावर हा चित्रपट आपण मांडतो, त्या बाईचा एकही प्रसंग आपल्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. तिचं आयुष्य तोंडपाठ आणि तिचं काम कोरं. हे कसं झालं, हा आजचा प्रश्न.

चरित्र थोडक्यात सांगून टाकू, कारण ते आपल्याला माहीत आहे असं सगळे धरून चालतात. मूळ नाव रतन, माहेर साळगावकर. घराण्यात गाण्याची, कलावंतिणींची परंपरा. घरची ओढाताण, म्हणून शाळकरी वयातच कामाला लावलं. 1936 साली 'विजयाची लग्ने' हा पहिला चित्रपट आला आणि तिथे 'हंसा' हे नाव मिळालं. वडिलांचं आडनाव पडद्यावर आलं नाही. नात्यातल्या इंदिराबाई वाडकर गायिका-नटी होत्या, त्यांचं आडनाव घेतलं. इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. जिच्या कमाईवर घर चालणार तिला त्या घराचं नाव लावता येत नाही, हा त्या काळचा कायदाच होता म्हणा ना, कुठेही न लिहिलेला. पुढे बॉम्बे टॉकीज, तिथे 1939 च्या सुमारास 'नवजीवन' आणि 'दुर्गा'. मग पुण्याला प्रभात : 1941 चा 'संत सखू', 1944 चा 'रामशास्त्री'. 1947 ला राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी', 1950 ला राजा परांजप्यांचा 'पुढचं पाऊल', त्यात समोर पु. ल. देशपांडे. 1959 ला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. 1970 साली त्याच नावाचं आत्मकथन. आणि त्यानंतर थोड्याच काळात, वयाची पन्नाशीही न गाठता, त्या गेल्या.

आता पुस्तकाकडे येऊ. हे पुस्तक त्यांनी लिहिलेलं नाही, सांगितलेलं आहे. ऐकून उतरवलं अरुण साधूंनी. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या अजून यायच्या होत्या, साधू तेव्हा तरुण पत्रकार होते. 'माणूस' साप्ताहिकातून ते वाचकांसमोर आलं आणि राजहंसनं पुस्तक काढलं. साधूंनी एक मोठं काम केलं : स्वतःला पुसून टाकलं. त्यांचे प्रश्न पुस्तकात नाहीत. त्यामुळे वाचताना असं वाटतं की ही बाई आपल्याशीच बोलते आहे, मध्ये कुणीही नाही. ही त्या पुस्तकाची ताकद आहे, आणि घोटाळ्याची सुरुवातही तिथेच आहे. कारण प्रश्न दिसत नसले तरी ते विचारलेले होते. एक पत्रकार आणि एक थकलेली नटी समोरासमोर बसल्यावर पत्रकार काय विचारणार? साखळीनं सगळं आयुष्य विचारणार. 'सखू करताना डोळे कुठे ठेवले होते?' असं सहसा कुणी विचारत नाही. (आमचं हे बोलणंही उद्या कुणीतरी उतरवून काढणार आहे आणि आमच्या खाकरण्या-अडखळण्या गाळणार आहे. तेव्हा उतरवून घेण्यात काय राहतं आणि काय जातं, याची कल्पना तुम्हाला असेलच.)

पुस्तकात कामाबद्दल काहीच नाही असं मात्र नाही. बॉम्बे टॉकीजच्या शिस्तीबद्दल आहे, प्रभातच्या दिवसांबद्दल आहे. ज्यांना वाचायचं त्यांना ते सापडतं. पण वाचकानं पुस्तक उघडलं ते दुसऱ्याच पानांसाठी. लग्नाआधीची, लग्नानंतरची, घर सोडून मराठवाड्यात एका घरात सवतींबरोबर काढलेल्या वर्षांची पानं. ती पानं धीट आहेत यात वाद नाही. मराठीत तोपर्यंत कुठल्या बाईनं स्वतःबद्दल इतक्या सपाट आवाजात, रडगाणं न गाता, कुणाला शिव्याशाप न देता सांगितलं नव्हतं. 'सपाट' हा शब्द आम्ही इथे कौतुकानं वापरतोय. त्या आवाजात कीव मागणं नाही. आणि तरीही आपण वाचून काय केलं? कीव केली.

आता शेजारी दुसरी पुस्तकं ठेवून बघा. बोडसांचं 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी'. ही आपण रंगभूमीचा इतिहास म्हणून वाचतो. बोडसांचा लक्ष्मीधर कसा होता, फाल्गुनराव कसा, 'एकच प्याला'मधला सुधाकर कसा उभा केला; कोल्हटकरांचा 'भावबंधन'मधला घनश्याम कसा होता; कुठली कंपनी कुणामुळे फुटली. याच्या साक्षीसाठी अभ्यासक ही पुस्तकं उघडतात, तळटीपा देतात. या मंडळींच्याही आयुष्यात संसार होते, कर्जं होती, व्यसनं होती. पण वाचनाची वाट ठरलेली : पुरुष नटाचं आत्मचरित्र म्हणजे कलेचा दस्तऐवज.

आणि बायकांची पुस्तकं? दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे', स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत'. ही आपण कबुलीजबाब म्हणून वाचतो. कुणी कुणाशी लग्न केलं, कुणी कुणाला फसवलं. दुर्गाबाईंचं थोडं वेगळं पडतं, कारण त्या लाडांच्या घरातल्या, शिकलेल्या, आणि त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'मी' नंतर स्वल्पविराम देऊन अख्खं नाव ठणकावून छापलेलं आहे. आता हंसाबाईंच्या पुस्तकाचं नाव बघा. त्यात ना 'मी' आहे, ना नाव. आहे ती एका चित्रपटाची पाटी. म्हणजे त्यांची गोष्ट बाजारात आली तीही भूमिकेच्या नावानं. पण त्यातलं 'ऐका' विसरू नका. ते आर्जव नाही. तमाशाच्या फडात उभी राहून बाई जेव्हा 'ऐका' म्हणते, तेव्हा समोरच्या हजार पुरुषांना गप्प करण्याचा तो हुकूम असतो. आपण त्या शब्दात आर्जव ऐकलं, ही आपली कानाची खोट.

या यादीत एक पुस्तक मुद्दाम वेगळं काढतो : शांता आपट्यांचं 'जाऊ मी सिनेमात?', 1940 सालचं. 'कुंकू'तली नीरा म्हणून त्या तुम्हाला माहीत आहेत. 1939 साली त्यांनी प्रभातच्या दारात उपोषण केलं होतं आणि त्यानंतरच्या वर्षी हे पुस्तक आलं. त्यात आठवणींपेक्षा धंद्याचा हिशेब मोठा आहे. सिनेमात पैसा कसा फिरतो, नट-नटीला कसं वापरून घेतात, नव्या मुलीनं पाऊल टाकण्याआधी काय ओळखावं. एका नटीनं आपल्या व्यवसायावर केलेली ही मराठीतली रोखठोक टीका. आणि ते पुस्तक किती जणांच्या घरी आहे? ज्या पुस्तकात भानगड नाही, विचार आहे, ते नटीचं असेल तर आपल्याला नको असतं. इतकं कडवट बोलावं लागतंय, पण दुसरं कारण आम्हाला दिसत नाही.

आता कामाकडे वळू. इथे आज थोडा जास्त वेळ घेणार आहोत.

'संत सखू' घ्या. दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कऱ्हाडची सून, सासूचा जाच, पंढरीची ओढ. तिला खांबाला बांधून ठेवतात. मग तिच्या जागी तिचंच रूप घेऊन देव बांधून घेतो आणि ती वारीला जाते. भक्तीची गोष्ट म्हणून आपण ती ऐकतो. एकदा नटीच्या बाजूनं ती ऐकून बघा. कथेनं तिच्यावर काय काम टाकलंय? एक, सखू करायची. दुसरं, सखूच्या रूपातली ती दुसरी सखू करायची, जी सखू नाही! घरातल्या माणसांना ती सखूच वाटली पाहिजे आणि थिएटरमधल्या माणसांना मात्र कळत राहिलं पाहिजे. कपडे तेच, खांब तोच, चेहरा तोच. फरक करायचा तो फक्त नटीनं, आणि तोही जास्त केला तर गोष्ट कोसळली. कॅमेऱ्याची करामत प्रभातवाले करतीलच, ते त्यात वाकबगार होते. पण मान किती खाली ठेवायची, शिवी खाताना अंग किती आकसायचं, हे करामतीत येत नाही. हंसाबाई तेव्हा विशीच्या आतबाहेर होत्या. 'संत तुकाराम'च्या पागनीसांबद्दल आपण जेवढं बोललो, त्याच्या दहावा हिस्सासुद्धा या सखूबद्दल कुणी बोललं नाही.

आणि सहाच वर्षांनी ही सखू 'रामजोशी'त बया होते. तमासगीर बया. समोर जयराम शिलेदारांचा रामजोशी. ब्राह्मणाचं पोर, शास्त्र सोडून फडात आलेलं. बाबूराव पेंटर आणि शांताराम यांच्या नावावरचा हा चित्रपट. मराठीत तमाशापटाची जी लाट पुढे पंचवीस वर्षं चालली, तिचं तोंड इथे आहे. लाट आली ती गदिमांच्या लेखणीमुळे, वसंत देसाईंच्या संगीतामुळे, शांतारामांच्या नजरेमुळे असं आपण म्हणतो. खोटं नाही. पण लावणी पडद्यावर कशी उभी राहील हा प्रश्न लेखणीनं सुटत नाही. फडातली बाई हजार माणसांकडे बघून नाचते, तिची नजर शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेली असते. तीच नजर कॅमेऱ्यासमोर फेकली तर विद्रूप दिसते. ती आवरायची किती, म्हणजे ठसका जाणार नाही आणि सभ्य घरातल्या बायकाही थिएटरात बसून राहतील? हा हिशेब बयेनं मांडला. नंतरच्या सगळ्या चित्रपटांतल्या तमासगिरणी, जयश्रीबाई धरून, त्या हिशेबावर उभ्या आहेत असं आमचं मत आहे. जयश्रीबाईंचा नाच जास्त सफाईदार, हे मान्यच. पण हंसाबाईंच्या बयेत एक मग्रुरी आहे, लावणी संपल्यावरही ती न उतरणारी. ती आम्हाला नंतर फार थोड्या ठिकाणी दिसली.

मराठी सिनेमानं त्या काळात बाईसाठी दोनच जागा ठेवल्या होत्या : देवघर आणि फड. संत-सती तरी व्हा, नाहीतर तमासगीर. या दोन्ही जागा एकाच बाईनं भरून दाखवल्या, आणि त्याही लोकांना पटतील अशा. हे साधं नाही. प्रेक्षक एकदा जिला हात जोडतो, तिला शिट्टी मारायला सहजी तयार होत नाही. उलट तर त्याहून अवघड. आणि गंमत बघा, या दोन जागांच्या मधलं जे आयुष्य ती बाई प्रत्यक्षात जगत होती, कमावणारी, दमलेली, निर्णय घेणारी आणि चुकणारी बाई, तिच्यासाठी सिनेमात जागाच नव्हती. ती जागा निघाली ती 1977 साली, त्या गेल्यावर.

'भूमिका'. श्याम बेनेगल. पटकथेत त्यांच्याबरोबर गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे. कॅमेरा गोविंद निहलानींचा. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार, पटकथेलाही. चित्रपट मोठा आहे, त्याबद्दल शंका नको. लहान उषा कोंबडीमागे धावते तो प्रसंग, आजीचं गाणं शिकवणं, अमोल पालेकरांचा तो गुळगुळीत, चिकट नवरा, अमरीश पुरींचा वाडा, आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत वाजणारा फोन. यातलं काही विसरता येत नाही. आणि 'सांगत्ये ऐका' मराठीच्या बाहेर पोचलं ते याच चित्रपटामुळे. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर व्हायला 2013 साल उजाडलं.

पण एक प्रश्न विचारायला हवा. 'भूमिका'तली उषा नटी म्हणून कशी आहे? चांगली, साधारण की थोर? चित्रपट पाहून सांगता येत नाही. त्यात जुन्या काळच्या निरनिराळ्या धर्तीच्या चित्रपटांचे तुकडे बनवून घातले आहेत, बनवलेही छान आहेत. पण ते थोडे हसत हसत, नक्कल केल्यासारखे. उषा कॅमेऱ्यासमोर उभी राहते तेव्हा तो काळ दिसतो, त्या काळचा भडकपणा दिसतो. त्या भडक चौकटीतही एखादी बाई खरं काहीतरी करत होती, हे दिसत नाही. तिचं काम म्हणजे घराला पैसे पुरवणारं यंत्र किंवा पुरुष भेटण्याचं ठिकाण. तिचा शोध चालू आहे तो नात्यांत. कामात तिला काही सापडलं होतं का, हे विचारलेलंच नाही. आणि हा त्या चित्रपटाचा विरोधाभास बघा, हे सगळं दाखवायला लागली ती अस्सल ताकदीची नटी! स्मितानं कोवळ्या पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंतचं अंतर विशी ओलांडताना केलं. अभिनय म्हणजे काय असतं याचा पुरावा पडद्यावर हजर आहे. फक्त तो स्मिताच्या खात्यावर जमा झाला. हंसाबाईंच्या खात्यावर दुःख.

कुणी म्हणेल, बेनेगलांनी कुठे चरित्रपट काढला होता? नाव बदललं, 'आधारित' म्हटलं. बरोबर आहे, आणि कलावंताला तेवढी मोकळीक हवीच. आमची तक्रार चित्रपटावर नाही. तक्रार आहे ती यावर, की त्यानंतर आपण मूळ बाईला त्या चित्रपटातूनच बघायला लागलो. सखू नाही, बया नाही. उषा.

आणि स्मिताचंही पुढे काय झालं? 1986 च्या डिसेंबरात, एकतिसाव्या वर्षी ती गेली. आज तिच्यावर लेख आला की निम्मा लेख तिच्या मृत्यूवर आणि संसारावर असतो. 'जैत रे जैत'मधलं तिचं चालणं, 'उंबरठा'त ती संस्थेच्या आवारात पहिल्यांदा येते तेव्हाचा ताठपणा, यावर चार ओळी मिळाल्या तर नशीब. विठाबाई नारायणगावकरांचं नाव काढलं की फडावरून उतरून बाळंत झाल्याची आणि पुन्हा बोर्डावर गेल्याची गोष्ट लगेच निघते. सरकार त्यांच्या नावानं तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं, चांगलंच आहे. पण विठाबाईंचा आवाज कुठल्या पट्टीत लागायचा, लावणीत त्या शब्द कुठे तोडायच्या, हे सांगणारं कुणी त्या समारंभात भाषण करत नाही. बाळंतपण सांगतात. टाळ्या पडतात.

कुणी विचारेल, मग आयुष्य सांगायचंच नाही का? तसं कसं म्हणता येईल. रतन साळगावकरला शाळेतून काढून स्टुडिओत पाठवलं, हे माहीत नसेल तर बयेची ती मग्रुरी कुठून आली हे कळणार नाही. पोटासाठी उभं राहणाऱ्या मुलीला नजरा लवकर मोजता येतात, आणि मोजता आल्या की परतवताही येतात. आयुष्य कामाच्या आत शिरतं ते असं. आपण मात्र आयुष्य वाचून काम बाजूला ठेवतो, जणू काम म्हणजे त्या दुःखातली दोन घटका करमणूक.

आमचं मागणं फार नाही. फिल्म सोसायट्यांच्या मंडळींना, आणि इथे बसलेल्या नाट्य-चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना : 'भूमिका' तुम्ही दरवर्षी दाखवता. यंदा तिच्या आदल्या दिवशी 'संत सखू' दाखवा, आणि 'रामजोशी'. पुस्तक नंतर वाचायला द्या. मग चर्चा ठेवा. आणि चर्चेत पहिला प्रश्न हा विचारा, की खांबाला बांधलेली सखू आणि खांबाला बांधलेला देव, या दोघांत हंसाबाईंनी नेमका काय फरक केला आहे. ज्याला उत्तर सापडेल त्यानं आम्हाला कळवावं. आमचं उत्तर आहे, पण ते आत्ता सांगत नाही. तुम्ही पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पंधरा मिनिटं हातात आहेत. मागच्या रांगेतून हात वर आलाय, तिथून सुरू करू.